सम्राट स्कंदगुप्त

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्यास मगधाचे गुप्त साम्राज्य वैभवाच्या शिखरावर असल्यासारखे दिसत होते. समुद्रगुप्ताने दिग्विजय करून ते वाढविले, दुसऱ्या चंद्रगुप्ताने ते पश्चिम समुद्रापर्यंत नेले आणि कुमारगुप्ताने सुमारे चाळीस वर्षे त्याचा उपभोग घेतला. परंतु बाहेरून भक्कम दिसणाऱ्या वाड्याच्या तुळयांना आतून वाळवी लागावी, तशी त्याची स्थिती झाली होती. कुमारगुप्ताच्या अखेरच्या दिवसांत पुष्यमित्र नावाच्या लोकांनी सैन्य व संपत्ती यांच्या बळावर उठाव केला आणि राज्याचा पाया हादरला.

त्यांच्यावर चालून गेला राजपुत्र स्कंदगुप्त. हे युद्ध इतके निकराचे झाले की, एक रात्र त्याला उघड्या जमिनीवर अंग टाकून काढावी लागली. अखेर शत्रूचा मोड झाला. परंतु विजयाची वार्ता ऐकण्यास पिता जिवंत नव्हता. कंसवधानंतर श्रीकृष्ण देवकीकडे गेला, तसा स्कंदगुप्त आपल्या मातेकडे गेला, आणि तिच्या डोळ्यांतून आसवे वाहू लागली. हा सारा वृत्तांत उत्तर प्रदेशातील भितरी या गावी तांबूस दगडाच्या एका स्तंभावर कोरलेला आहे. त्यात पूर्वीच्या राजमातांची नावे आहेत. पण ज्या मातेचे अश्रू कवीने अमर केले, तिचे नाव मात्र नाही. यावरून ती पट्टराणी नसावी आणि स्कंदगुप्ताला सिंहासन सहजासहजी मिळाले नसावे, असे अनेक विद्वानांना वाटते.

इ. स. ४५५ च्या सुमारास तो गादीवर बसला. राज्यावर बसून विसावा घेण्याचे सुख त्याच्या नशिबी नव्हते. वायव्येच्या खिंडींतून हूणांच्या घोडेस्वार टोळ्या भारतात उतरू लागल्या होत्या. हूण म्हणजे त्या काळातले मोठे अरिष्ट. तिकडे युरोपात हूण म्हणविणाऱ्या टोळ्यांनी बलाढ्य रोमन साम्राज्याला जेरीस आणले होते. पुढे इराणचा राजा पेरोझ ४८४ साली हूणांच्याच एका शाखेशी लढताना ठार झाला. अशा शत्रूला स्कंदगुप्ताने रणांगणावर गाठले आणि असा तडाखा दिला की, त्यांची मोठी लाट पुढे कित्येक वर्षे थोपून राहिली.

पण तो केवळ तलवारबहाद्दर नव्हता. सौराष्ट्राचा कारभार कोणाच्या हाती द्यावा, याचा त्याने रात्रंदिवस विचार केला आणि पर्णदत्त नावाच्या अधिकाऱ्याला तेथे नेमले. तेथे गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव होता. तो चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेला. गुप्त संवत १३६ मध्ये, म्हणजे इ. स. ४५५-५६ च्या सुमारास, भाद्रपदातील एका रात्री मुसळधार पावसाने त्याचा बांध फुटला. क्षणात पाणी वाहून गेले आणि सुदर्शन तलाव पाहवेनासा झाला. लोक हवालदिल झाले. तेव्हा पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित याने पुढच्याच वर्षी दोन महिन्यांत बांध पुन्हा उभारला. तो शंभर हात लांब, अडुसष्ट हात रुंद आणि सात पुरुष उंच होता! नवा राजा शत्रूंशी झुंजत असताना राजधानीपासून इतक्या दूरच्या शेतकऱ्यांच्या पाण्याची काळजी वाहिली गेली, ही गोष्ट लहान नव्हे. जुनागढच्या ज्या शिळेवर ही हकीकत आहे, तिच्यावरच सम्राट अशोकाचे आणि रुद्रदामनाचेही लेख आहेत.

युद्धे जिंकली, तरी त्यांची किंमत चुकत नाही. कुमारगुप्ताने सोन्याची नाना तऱ्हांची सुंदर नाणी पाडली होती. स्कंदगुप्ताच्या नाण्यांचे प्रकार मोजकेच आहेत. त्याची पुढची नाणी वजनाने जड झाली, परंतु त्यांतील सोन्याचा कस उतरला. खजिना रिता होत चालल्याची साक्ष ती देतात. ४६७ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली.

त्यानंतर वारसांत सिंहासनासाठी चढाओढ लागली आणि दूरचे सरदार मोकळे होऊ लागले. ज्या सौराष्ट्राची त्याने इतकी काळजी वाहिली, तेथेच वलभीच्या मैत्रक घराण्यातील पुरुष आधी सेनापती म्हणवीत. पुढे ते महाराज म्हणवू लागले. बुधगुप्ताने काही काळ राज्य सावरले, परंतु ते टिकले नाही. मध्य प्रदेशातील एरण येथे मातृविष्णू व धन्यविष्णू या बंधूंनी ४८४-८५ मध्ये एक ध्वजस्तंभ उभारला व त्यावर बुधगुप्ताचे नाव आदराने कोरविले. पुढे मातृविष्णू वारला आणि धन्यविष्णूने तेथेच वराहाची प्रचंड मूर्ती स्थापिली. त्या वराहाच्या छातीवर लेख आहे. पण त्यात गुप्त सम्राटाचे नाव नाही. त्यात हूण राजा तोरमाण याच्या राज्याचे पहिले वर्ष नोंदलेले आहे.