आल्फ्रेड वॉलेस आणि सृष्टींतील निवड

जीवनकलह आणि योग्यतमाची निवड हे शब्द आतां ज्याच्या त्याच्या तोंडीं झाले आहेत. मोठ्या पेढीनें लहान दुकान बुडविलें, किंवा जन्मानें वरचे म्हणविणाऱ्यांनीं खालच्यांस वर येऊं दिलें नाहीं, कीं हा सृष्टीचाच नियम, बळी तो कान पिळी, असें म्हणून पुष्कळ शहाणेसुरते गृहस्थ मोकळे होतात. हा नियम ज्या दोघांनीं जगास दाखविला त्यांपैकीं डार्विन ह्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. दुसरे आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्यांचें चरित्र व त्यांचें काम हीं नीट पाहिलीं असतां ह्या म्हणीचा आणि त्या नियमाचा कांहीं संबंध नाहीं, असें आढळून येईल. म्हणून तें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

वॉलेस ह्यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्समधील अस्क गांवाजवळ झाला. वडिलांच्या हातीं पैसा टिकला नाहीं. त्यामुळें चवदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांची शाळा सुटली, व थोरल्या भावाबरोबर ते जमीनमोजणीचें काम करूं लागले. मोजणीची साखळी घेऊन डोंगरांतून हिंडतांना त्यांस झाडपाल्याची गोडी लागली. विद्यापीठाची पायरी ते कधीं चढले नाहींत; कामकरी लोकांसाठीं निघालेलीं वाचनालयें व व्याख्यानगृहें हींच त्यांची पाठशाळा. १८४४ सालीं लेस्टर शहरीं शिक्षकाची नोकरी करीत असतां हेन्री बेट्स ह्या तरुणाशीं त्यांची मैत्री जडली. बेट्स हे मोजे विणविणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेले, व फुरसतीच्या वेळीं भुंगेरे गोळा करणारे.

१८४८ सालीं हे दोघे दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदीच्या मुखाशीं उतरले. जवळ भांडवल नव्हतें. किडे व पक्षी धरून लंडनास पाठवावे, तेथें सॅम्युअल स्टीव्हन्स ह्या अडत्यांनीं ते विकावे, व आलेल्या पैशावर पुढचा मुक्काम करावा, असा हा उघड व्यापार होता. परंतु त्या व्यापारानेंच त्यांचे डोळे उघडले. एकाच जातीचे शेंकडों नमुने हातांखालून गेल्यामुळें, दोन जीव तंतोतंत सारखे कधींच नसतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. १८५२ सालीं परततांना भर समुद्रांत जहाजास आग लागून बरोबरचा संग्रह भस्म झाला, व दहा दिवस उघड्या होडींत काढावे लागले. स्टीव्हन्स ह्यांनीं मालाचा विमा उतरून ठेविला होता, म्हणून कफल्लक होण्याची पाळी टळली. तरी १८५४ सालीं वॉलेस पुन्हां निघाले, ते मलाया द्वीपसमूहांत आठ वर्षें राहिले. तेथें त्यांनीं १,२५,६६० नमुने जमविले. ह्या कामीं अली नांवाच्या मलायी तरुणाचे त्यांस फार मोठें साहाय्य झालें.

१८५८ च्या फेब्रुवारींत मोलुक्का बेटांत ते थंडीतापानें पडून होते. पूर्वीं वाचलेला माल्थस ह्यांचा लोकसंख्येवरील ग्रंथ त्यांस आठवला. प्रत्येक जातींत जगूं शकतील त्यांहून किती तरी अधिक जीव जन्मतात, व बहुतेक मरतात. मग उरतात कोण? ज्यांच्या अंगीं उपजतच असा एखादा लहानसा फरक असतो, कीं जो त्या ठिकाणीं उपयोगी पडतो, ते अधिक संख्येनें उरतात. तोच फरक त्यांच्या संततींत उतरतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या असें होतां होतां सबंध जातीचें रूप पालटतें. हा विचार त्यांनीं डार्विन ह्यांजकडे लिहून धाडला. डार्विन वीस वर्षें ह्याच सिद्धांतावर काम करीत होते. १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत दोघांचे लेख एकत्र वाचण्यांत आले. वॉलेस हजारों कोस दूर. त्यांची संमति कोणी विचारली नव्हती. तरी त्यांनीं तक्रारीचा शब्द काढला नाहीं. उलट १८८९ सालीं ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यास डार्विनवाद असेंच नांव दिलें.

ह्या नियमाचें एक सुंदर उदाहरण त्यांस सुमात्रा बेटांत मिळालें. तेथील एका मोठ्या फुलपाखराची वरची बाजू उडतांना जांभळी दिसते, व तिजवर रुंद नारिंगी पट्टा झळकतो. परंतु झुडपांत बसून पंख मिटतांच तें दिसेनासें होतें. पंखांची खालची बाजू हुबेहूब वाळल्या पानासारखी असते. मधली शीर, देंठ, इतकेंच नव्हे तर बुरशीचे ठिपकेही तींत असतात. आमच्या सह्याद्रींतही ह्याचें एक भावंड आढळतें. हें सोंग त्यानें विचार करून घेतलेलें नाहीं. पूर्वीं केव्हां तरी कांहींचे पंख इतरांहून किंचित् अधिक पानासारखे होते. पक्ष्यांच्या नजरेंतून तीं थोडीं अधिक निसटलीं, त्यांची संतति अधिक झाली, आणि प्रत्येक पिढींत पक्ष्यांची चोंच नकळत निवड करीत गेली. ज्यानें कोणाचा कान पिळला नाहीं असा हा दुबळा जीव टिकला, तो बळानें नव्हे.

मग कित्येक अळ्या लपावयाचें सोडून भडक रंगाच्या कां असतात? १८६७ सालीं डार्विन ह्यांनीं हें कोडें वॉलेस ह्यांस घातलें. अशा अळ्या बेचव असाव्या व रंग ही पक्ष्यांस दिलेली सूचना असावी, असा तर्क त्यांनीं केला. पण तर्कावर न थांबतां कीटकशास्त्रज्ञांच्या मंडळास प्रयोग करून पाहण्याची विनंती केली. जेनर वेअर ह्यांनीं आपल्या पाळीव पक्ष्यांपुढें अळ्या टाकून पाहिल्या, व १८६९ सालीं तर्क खरा ठरल्याचें जाहीर केलें.

वॉलेस ॲमेझॉनास गेले त्याच १८४८ सालीं मँचेस्टर शहरीं एका पांढुरक्या, ठिपकेदार पतंगाच्या जातींतील काळा नमुना सांपडला होता. गिरण्यांच्या काजळीनें झाडांचीं खोडें काळवंडलीं, तेव्हां पांढुरके पतंग पक्ष्यांस चटकन दिसूं लागले. आणि १८९५ पर्यंत त्या भागांत शेंकडा सुमारें ९८ पतंग काळे झाले. १९५६ सालीं इंग्लंडांत स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूर कमी झाला, आणि पांढुरके पुन्हां वाढले. कांहींनीं शंका काढल्या, तेव्हां केंब्रिजचे मायकेल मॅजेरस ह्यांनीं २००१ पासून सात वर्षें हजारों पतंगांवर प्रयोग करून पक्ष्यांची निवड प्रत्यक्ष दाखवून दिली. आतां सांगा, ह्यांत श्रेष्ठ वर्ण कोणता, काळा कीं पांढरा? खोडाचा रंग पाहिल्यावांचून उत्तर देतां येणार नाहीं. जन्मतःच सदासर्वकाळ श्रेष्ठ असा वर्ण सृष्टीस ठाऊक नाहीं. आणि जातींत दोन्ही प्रकार शिल्लक राहिले, म्हणूनच ती दोन्ही काळांत तगली.

वॉलेस ह्यांनीं स्वतः ह्या नियमाचा आधार घेऊन गरिबांस कधीं हिणविलें नाहीं. जमीन राष्ट्राच्या मालकीची असावी म्हणून १८८१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, व सुप्रजननाच्या नांवाखालीं माणसांची निवड करूं पाहणाऱ्यांचा त्यांनीं निषेध केला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं नव्वदाव्या वर्षीं ते वारले. त्यांचे सर्वच विचार ग्राह्य होते असें आम्ही म्हणत नाहीं. मृतांचे आत्मे येऊन बोलतात असें ते मानीत, व देवी टोंचण्यास त्यांनीं विरोध केला. अळ्यांच्या प्रश्नास जी प्रयोगाची कसोटी त्यांनीं लाविली, तीच येथें लावून ह्या गोष्टी आपण टाकून दिल्या पाहिजेत. थोरांचा मान ठेवण्याची खरी रीत हीच.

शाळा सुटलेल्या एका गरीब मुलास वाचनालयाचें दार उघडें होतें, म्हणून एवढें ज्ञान जगास मिळालें. आपल्या गांवांत जातीमुळें, गरिबीमुळें किंवा मुलगी म्हणून ज्यांस ज्ञानाचें दार बंद झालें, त्यांत असे किती वॉलेस गेले ह्याचा हिशेब कोणत्याही वहींत नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंस आमची एवढीच विनंती आहे, कीं धर्मादाय खात्यांतून निघणाऱ्या रकमेचा कांहीं भाग त्यांनीं सर्वांस मोकळ्या अशा वाचनालयाकडे लावावा. आणि बळी तो कान पिळी हा सृष्टीचा नियम आहे असें कोणी सांगूं लागल्यास त्यास सुमात्राच्या फुलपाखराची हकीकत ऐकवावी.