साहेब खोलीबाहेर गेल्यावर

साहेब कसा असावा यावर ऑफिसांतून चहाबरोबर पुष्कळ चर्चा झडते. कुर्ट लेविनने मात्र हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. १८९० साली तेव्हाच्या प्रशियातल्या, आणि आजच्या पोलंडमधल्या, मोगिल्नो गावी एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून जखमी झाला, पुढे बर्लिनला शिकवू लागला. १९३३ मध्ये हिटलर आला आणि त्याच जर्मनीत तो परका ठरला. तो अमेरिकेला गेला. आईला मात्र बाहेर काढता आले नाही. नाझींच्या छावणीत तिचा अंत झाला.

एका माणसाच्या हुकमाची किंमत अशी मोजलेल्या या प्राध्यापकाने आयोवा विद्यापीठात काय करावे? दहा वर्षांच्या मुलांचे क्लब काढले! मुले मुखवटे करीत, साबणावर कोरीव काम करीत. एक प्रमुख नुसते हुकूम सोडी, दुसरा मुलांना विचारून काम ठरवी. राल्फ व्हाइट या सहकाऱ्याला ही दुसरी रीत साधेना. त्याने मुलांना मोकाटच सोडले. लेविनला त्यात नेतृत्वाचा तिसराच प्रकार दिसला आणि त्याने तोही प्रयोगात घेतला.

१९३९ पासून निष्कर्ष छापून येऊ लागले. हुकमाच्या क्लबात काम थोडे जास्तच होई, हेही सांगायला हवे. पण प्रमुख खोलीबाहेर पडला की हात थांबत. विचारून चालणाऱ्या क्लबात तो असो-नसो, काम जवळजवळ तसेच चाले. आम्हा बँकवाल्यांना हे पटायला प्रयोगाची गरज नाही. साहेब रजेवर असताना काउंटरपुढची रांग कशी सरकते, त्यावरून शाखेची प्रकृती कळते.

दुसऱ्या महायुद्धात मांसाचा तुटवडा पडला. गृहिणींनी हृदय-गुर्दे रांधावेत म्हणून नुसती व्याख्याने दिली, तेव्हा ३ टक्के बायकांनी ऐकले. आपसांत बोलून ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी ते पदार्थ केले. घरात नवी भाजी खपवू पाहणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

व्हर्जिनियातल्या हारवूड पायजमा कारखान्यातही लेविनने हीच दृष्टी नेली. १९४७ च्या फेब्रुवारीत, छप्पन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. तिथल्या प्रयोगाचा अहवाल १९४८ साली आला. कामाची पद्धत बदलताना ज्यांना केवळ हुकूम मिळाला, त्यांतले १७ टक्के कामगार ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्यांनी बदल स्वतः मिळून ठरवला, त्यांच्यातले एकही गेले नाही.