सावकाराच्या कागदात अडकलेला शेतकरी पडद्यावर आणणारे ना. ह. आपटे मूळचे सांगलीचे, राहिले साताऱ्यात

१९२५ साल. सिनेमाला आवाज फुटायला अजून सहा वर्षं बाकी होती. पडद्यावर बघायला काय मिळायचं? देव आकाशातून उतरायचे, राक्षस अदृश्य व्हायचे, नाहीतर मावळे गड चढायचे. तिकीट काढून आलेला माणूस चमत्कार बघायला यायचा, आणि चमत्कार बघून घरी जायचा.

अशा दिवसांत कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं एक मूकपट काढला. त्यात देव नव्हता, राजा नव्हता. एक शेतकरी, एक सावकार आणि एक कागद. सावकार लबाडीनं जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो.

सिनेमाचं नाव ‘सावकारी पाश’. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. शेतकऱ्याच्या भूमिकेत तेव्हा विशी-पंचविशीत असलेले व्ही. शांताराम, तर सावकार झालेले झुंजारराव पवार. ही नावं सिनेमावाल्यांना पाठ असतात. पण कथा कुणाची होती, असं विचारलं की बरेच जण अडखळतात.

कथा होती नारायण हरी आपटे यांची.

आता इथं एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारे ते हरी नारायण आपटे. त्यांचं निधन १९१९ मध्ये झालं, म्हणजे ‘सावकारी पाश’ यायच्या सहा वर्षं आधी. आपले हे नारायण हरी. नाव तेच, फक्त पुढचं मागं आणि मागचं पुढं. या अदलाबदलीपायी ना. हं.चं श्रेय कित्येकदा ह. नां.च्या खात्यावर जमा झालंय.

ना. ह. आपटे यांचा जन्म ११ जुलै १८८९ चा. गाव सांगलीजवळचं समडोळी. विशीत असतानाच, म्हणजे १९०९ मध्ये, त्यांची पहिली कादंबरी आली. ती ऐतिहासिक होती आणि तिचं नाव होतं ‘अजिंक्यतारा’. साताऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला किल्ला. पुढं त्यांचं आयुष्य याच किल्ल्याच्या जिल्ह्यात गेलं. साताऱ्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या कोरेगावात ते स्थायिक झाले. तिथंच त्यांनी छापखाना चालवला आणि तिथूनच लिहीत राहिले.

पुण्या-मुंबईत न राहता तालुक्याच्या गावात बसून लिहिणारा हा माणूस त्या काळातला भरपूर वाचला जाणारा कादंबरीकार होता. ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्याच, पण सामाजिक कादंबऱ्यांनी त्यांना घरोघर नेलं. ‘गृहसौख्य’, ‘आयुष्याचा पाया’, ‘कुर्यात् सदा मंगलम्’ अशी संसार कसा करावा हे सांगणारी पुस्तकंही त्यांच्या नावावर आहेत.

मग अशा लेखकाला सावकाराची गोष्ट का सुचावी? यासाठी सातारा-सांगलीचा थोडा मागचा इतिहास बघायला लागतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ते दागिन्यांच्या मागं फारसे लागले नाहीत. त्यांना हवे होते कर्जरोखे, खतं, दस्त. ते रस्त्यावर आणून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्याच वर्षी साताऱ्यातल्या कुकरूडलाही तसाच उठाव झाला. हे कुकरूड आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात येतं.

कागदच का जाळले? कारण सगळी लुबाडणूक कागदावर व्हायची. शेतकऱ्याला वाटायचं जमीन गहाण ठेवलीय, आणि अंगठा उठलेला असायचा खरेदीखतावर. कर्ज किती घेतलं आणि फेडलं किती, हे फक्त सावकाराच्या वहीला माहीत. कोर्टात गेलं तर कोर्ट कागद बघणार, आणि कागद सावकाराच्या बाजूनं बोलणार. शेवटी १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यामुळं कोर्टाला नुसत्या कागदावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासता येऊ लागलं.

आपट्यांचा जन्म या कायद्यानंतर दहा वर्षांनी झाला. कायदा आला होता, पण सावकार कुठं गेला नव्हता.

हीच गोष्ट त्यांनी पेंटरांना दिली. आणि मूकपटात ती आणखी बोचरी झाली. कशी ते बघा.

मूकपटात संवाद नसायचे. मधेमधे पडद्यावर लेखी पाट्या यायच्या. थेटरात बसलेल्या कित्येकांना वाचता यायचं नाही, मग कुणीतरी मोठ्यानं पाटी वाचून दाखवायचा. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही असा माणूस खुर्चीत बसून, अक्षर येत नाही म्हणून जमीन गमावणारा माणूस पडद्यावर बघत होता.

त्या काळात जगभरच्या मूकपटांत गुन्हा, निरागस माणूस आणि शेवटी सुटका असा साचा जोरात होता. अमेरिकेत ग्रिफिथचा ‘वे डाउन ईस्ट’ १९२० मध्ये आला. त्यात एका भोळ्या मुलीशी खोटं लग्न लावून तिला फसवलं जातं, आणि शेवटी वाहत्या बर्फाच्या लादीवरून नायक तिला उचलून आणतो. खलनायक उघडा पडतो, निरागस माणूस वाचतो, प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो.

आपट्यांच्या गोष्टीत बर्फाच्या लादीवरून कुणी धावत येत नाही. शेतकरी निरपराध आहे म्हणून त्याला जमीन परत मिळेल, याची कुठलीच हमी नाही. पेंटरांनी अंधारातली झोपडी आणि भुंकणारं, विव्हळणारं कुत्रं दाखवून ती उदासी पकडली. आवाज नसताना कुत्र्याचं विव्हळणं प्रेक्षकांना जाणवलं, अशी त्या दृश्याची ख्याती झाली. नंतरच्या अभ्यासकांनी हा भारतातला पहिला वास्तववादी सामाजिक सिनेमा मानला.

तिकीटबारीवर मात्र निराशा. चमत्काराची सवय लागलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच घरची रडकथा पैसे देऊन बघायची नव्हती. पेंटर पुन्हा पोशाखी सिनेमांकडं वळले.

पण ती गोष्ट एका माणसाच्या मनातून गेली नाही. तो म्हणजे त्यातला शेतकरी, व्ही. शांताराम.

१९२९ मध्ये शांतारामांनी दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली, आणि पुण्यातला पहिलाच मोठा सिनेमा ‘अमृतमंथन’ आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर काढला. साल १९३४. इथं गुन्हेगार आहे राजगुरू. पशुबळी आणि नरबळी बंद करणाऱ्या राजाचा तो धर्माच्या नावाखाली खून करवतो. हिंदीत हा राजगुरू चंद्रमोहननं केला, मराठीत केशवराव दाते यांनी. शेवटी राजगुरू देवीपुढं स्वतःचाच बळी देतो.

त्यानंतर १९३७ मध्ये आला ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. मूळ कादंबरी आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’, १९२३ ची. नीराला तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. नीरा रडत बसत नाही. ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा उभी केली. काकासाहेब वकील पुन्हा केशवराव दातेच. काकासाहेबांना हळूहळू स्वतःचा अपराध कळतो, आणि नीराला मोकळं करण्यासाठी ते स्वतःचं आयुष्य संपवतात.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की आपट्यांचं वेगळेपण दिसतं. सावकाराकडं सहीशिक्क्याचा कागद आहे. राजगुरूकडं धर्म आहे. काकासाहेबांचं लग्न तर रीतसर मंत्र म्हणून झालेलं आहे. ग्रिफिथच्या मुलीचं लग्न खोटं होतं म्हणून तिची फसवणूक झाली. नीराचं लग्न खरं आहे, आणि तीच तिची फसवणूक आहे. यातल्या कुणालाही पोलीस पकडून नेणार नाहीत, कारण समाजाच्या हिशेबात सगळं कसं नियमात बसतंय.

म्हणून आपट्यांच्या गोष्टींत सुटका कोर्टातून येत नाही. ती येते गुन्हेगाराला स्वतःचा गुन्हा कळतो तेव्हा. काकासाहेबांना तो कळला. सावकाराला कळला नाही, म्हणून शेतकरी गिरणीच्या दारात उभा राहिला. संसारसुखाची पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकानंच, काही संसार मोडलेलेच बरे, हे सांगणारी कादंबरी लिहिली, यात म्हणूनच विरोध वाटत नाही. दोन्हीकडं त्याला एकच विचारायचं होतं, समोरच्या माणसाची मर्जी तुम्ही विचारलीत का?

१९३६ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा काढला. १९२५ चा मूकपट आज बघायला मिळत नाही. उरलीत ती वर्णनं आणि छायाचित्रं. ‘कुंकू’ मात्र आजही बघता येतो.

ना. ह. आपटे यांचं निधन नोव्हेंबर १९७१ मध्ये झालं. ‘कुंकू’ बघायला बसलात तर सुरुवातीची नामावली पळवू नका. कथालेखकाचं नाव नीट वाचा. हरी नारायण नव्हे, नारायण हरी. समडोळीत जन्मलेले, कोरेगावचे.