रुग्णांचा कारभारी : संत कामिल्लस दे लेलिस

ज्युबिलीचे वर्ष हे हिशेबाचेही वर्ष होय. इतक्या वर्षांत किती बांधले आणि किती खर्चले, याची मोजदाद अशा वेळी आपण करतो. तथापि दयेच्या कामाचा हिशेब कोठे बसून मांडावा, हा प्रश्न सोपा नाही. ज्या पुरुषाने तो रुग्णाच्या खाटेपाशी बसून मांडला, त्याचे चरित्र या स्मरणिकेत थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कामिल्लसचा जन्म २५ मे १५५० रोजी, तेव्हाच्या नेपल्स राज्यातील बुक्कियानिको या गावी झाला. बाप शिपाईगिरी करणारा. आई उतारवयाची, भाविक, आणि मुलाच्या लहानपणीच देवाघरी गेलेली. मुलगा उंच, धिप्पाड व तापट निघाला. बापाची तलवार त्याने उचलली आणि बापाचा जुगारही. व्हेनिसच्या सैन्यात त्याने चाकरी केली. पायाला एक जखम झाली होती, ती चिघळत गेली व जन्मभर बरी झाली नाही. तिच्या उपचारासाठी १५७१ साली तो रोम येथील सान जाकोमो या असाध्य रोग्यांच्या इस्पितळात आला व तेथेच चाकर म्हणून राहिला. परंतु पत्ते आणि भांडणे सुटेनात, म्हणून त्याला हाकलून देण्यात आले. १५७४ साली नेपल्समध्ये तो जुगारात होते नव्हते ते सारे हरला. अंगावरचा सदराही गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

पोटासाठी त्याने मान्फ्रेदोनिया येथे कपुचिन बंधूंच्या मठाच्या बांधकामावर मजुरी धरली. तेथे एका बंधूने केलेला उपदेश त्याच्या मनात रुतला, आणि २ फेब्रुवारी १५७५ रोजी, वाटेतच गुडघे टेकून, तो रडला. त्या दिवसापासून त्याने जुन्या आयुष्याकडे पाठ फिरविली. कपुचिन होण्याची त्याची फार इच्छा. पण पायाची जखम आड आली. मठाने परत पाठविलेला हा मनुष्य पुन्हा सान जाकोमोच्या दारात उभा राहिला. यावेळी त्याची वागणूक पाहून चालकांनी काही वर्षांत त्यालाच इस्पितळाचा कारभारी नेमिले.

येथून कामिल्लसांच्या खऱ्या कामाला आरंभ होतो. खरेदी, कोठार, नोकरांची देखरेख आणि हिशेब ही सारी त्यांच्याकडे आली. त्यापूर्वी त्याच इस्पितळात ते रोगी म्हणून निजले होते व चाकर म्हणून राबले होते. त्यामुळे वहीत न दिसणारी गोष्ट त्यांना दिसे. अन्न विकत घेतले, शिजविले, खाटेपाशी नेऊन ठेविले. पण हात उचलण्याचीही शक्ती नसलेल्या रुग्णाला ते भरविण्यास कोणी थांबला नाही, तर वहीत खर्च पडला आणि पोटात घास पडला नाही. असली उधळपट्टी कोणत्याही तपासनिसाला सापडत नाही. इस्पितळातले बहुतेक चाकर केवळ पगारासाठी येत, आणि कित्येक रुग्ण हेळसांडीनेच मरत. कामिल्लस रात्री-अपरात्री फेरी घालीत, कामे वाटून देत, चुकणाऱ्यास दटावीत. तरीही त्यांना कळून चुकले की धाकाने हात हलतात, मन हलत नाही.

म्हणून १५८२ च्या ऑगस्टमध्ये, केवळ देवाच्या प्रीतीस्तव रुग्णसेवा करणाऱ्यांचा एक संघ काढावा, असा विचार त्यांच्या मनात आला. इस्पितळाच्या चालकांना संशय आला की हा कारभारी इस्पितळच बळकावणार. त्यांनी या सोबत्यांचे प्रार्थनागृह मोडून टाकविले. त्यांचे कुमसार ऐकणारे संत फिलिप नेरी यांनीही इस्पितळ सोडू नये असा सल्ला दिला. कामिल्लसांनी तो मानला नाही. बत्तिशीच्या घरातील हा माणूस लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून लॅटिन शिकला आणि १५८४ साली गुरुपदास पोहोचला. पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८६ साली संघास मान्यता दिली व अंगरख्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगीही दिली. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे यांनी त्यास व्रतस्थ संघाचा दर्जा दिला. नेहमीच्या तीन व्रतांस चौथे जोडले गेले : प्राण धोक्यात आला तरी रुग्णांची सेवा करणे.

सेवेची रीत त्यांनी नियमांत बांधून ठेविली. स्वच्छता, मोकळी हवा, रोग्याला झेपेल असे अन्न, सांसर्गिक रोग्यांची वेगळी सोय, यांवर त्यांचा कटाक्ष असे. मरणोन्मुख माणूस खरोखर गेला आहे की नाही याची खात्री होईपर्यंत त्याचे तोंड झाकू नये, असे ते बजावीत. कारण घाईने जिवंत माणसे पुरली जात. या नियमांना पैसा लागत नव्हता, लक्ष लागत होते. १५९८ च्या नाताळात तिबेर नदीला महापूर आला, तेव्हा सांतो स्पिरितो इस्पितळातील रोग्यांना पाणी चढण्यापूर्वी वरच्या मजल्यावर नेण्यात ते स्वतः राबले.

त्यांची एक उणीव लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. रुग्णांसाठी हात आखडणे त्यांना जमले नाही, आणि संघावर कर्जाचा मोठा बोजा झाला. सोबत्यांत कुरकूर झाली, मतभेद झाले. १६०७ साली त्यांनी वडीलपद सोडले व साधे सेवक म्हणून ते पुन्हा खाटांपाशी गेले. पैशाची शिस्तही दयेचाच भाग आहे, कारण कर्जात बुडालेले इस्पितळ उद्याच्या रोग्याला दार उघडू शकत नाही. हा धडा त्यांच्या अपयशातून घ्यावा. परंतु शिस्त कोणासाठी, हा धडा मात्र त्यांच्या यशातून घ्यावा.

१४ जुलै १६१४ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेविला. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४६ साली त्यांना संतपद दिले. १८८६ साली संत योहान दे देवो यांच्यासह ते रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते ठरले. १९३० साली परिचारक-परिचारिकांचेही.

आमच्या धर्मग्रामस्थांत परिचारिकेचा पोशाख घालणाऱ्या मुली आहेत, इस्पितळांच्या कचेऱ्यांत वह्या लिहिणारे आहेत, आणि घरी म्हाताऱ्या आईला पेज भरविणारे तर कितीतरी. वहीत लिहिलेला घास रुग्णाच्या मुखात पडला की नाही, एवढे पाहण्यास रोज एकदा खाटेपाशी थांबावे, ही या सर्वांस आमची विनंती आहे. संत कामिल्लस आपणा सर्वांसाठी देवापाशी रदबदली करोत.