मडगावचे दिलीप सरदेसाई

हळर्णच्या किल्ल्याचे नाव किती दूर गेले आहे, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. इ. स. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला आणि पुढे तो ‘आलोर्नचा मार्किस’ या पदवीने ओळखला जाऊ लागला. हळर्णचे आलोर्न झाले व समुद्रापलीकडील एका सरदार घराण्यास ते नाव चिकटले. गाव मात्र होते तेथेच राहिले. वरचे निशाण तेवढे बदलले.

ज्यांच्या जन्मगावावर एक निशाण होते व जे मैदानात उतरले ते दुसऱ्या निशाणासाठी, अशा एका गोमंतकीयाची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

दिलीप नारायण सरदेसाई यांचा जन्म मडगाव येथे ८ ऑगस्ट १९४० रोजी झाला. त्या काळी गोमंतकावर पोर्तुगिजांचा अंमल होता. क्रिकेट हा पडला इंग्रजांचा खेळ. पोर्तुगिजांच्या राज्यात त्याला राजाश्रय नव्हता आणि लोकांचे मन तर फुटबॉलने व्यापलेले होते. मुंबईचा मुलगा आठव्या-दहाव्या वर्षी आझाद मैदानावर जे सहज पाहून शिकत असे, ते पाहण्याची सोय मडगावच्या मुलास नव्हती. दिलीप तेथील न्यू ईरा हायस्कूलमध्ये शिकत होते. जे थोडेबहुत क्रिकेट त्यांच्या वाट्यास आले, ते घरच्या व शेजारच्या मुलांच्या हौसेतून आले, असेच म्हणावे लागते.

त्या वर्षांत गोव्याची सीमा कशी होती, हे पेडणे महालातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीतून आपण ऐकले असेलच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी अधिक कडक केली, आगगाडी बंद झाली आणि बांद्यास जावयाचे तरी परवान्याचा प्रश्न उभा राहू लागला. अशा दिवसांत, १९५७ साली, सरदेसाई कुटुंब मुंबईस आले. दिलीप तेव्हा सतरा वर्षांच्या उंबरठ्यावर होते. फलंदाजाच्या शिक्षणास हे वय उशिराचेच. विल्सनमध्ये मन्या नाईक या जाणत्या मार्गदर्शकांची दृष्टी त्यांच्यावर गेली आणि उरलेले काम या मुलाच्या चिकाटीने केले. १९५९-६० साली विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा जमविल्या. पुढच्याच हंगामात पुणे येथे पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी ८७ धावा केल्या. मुंबईस येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती!

आता एक तारीख लक्षात ठेवावी. १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध दुसरा कसोटी सामना सुरू झाला आणि त्यात सरदेसाई प्रथमच भारतातर्फे खेळले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर रोजी. म्हणजे हा गोमंतकीय तरुण भारताची टोपी घालून मैदानात उतरला, तेव्हा त्याच्या जन्मगावी अद्याप पोर्तुगिजांचेच निशाण फडकत होते. त्यांनी देश बदलला, असे कोणी म्हणू नये. ते अगोदर आले व अठरा दिवसांनी त्यांचे गाव त्यांच्यामागून आले. त्या पहिल्या डावात यष्टीवर स्वतःचाच आघात होऊन ते बाद झाले, ही गोष्टही आम्ही लपवीत नाही.

गोमंतकीयांच्या नशिबी तेव्हा असे पुष्कळ देश होते. पोटासाठी आपली माणसे मुंबईस, कराचीस आणि थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत गेली व त्यांची मुले तेथलीच झाली. कराचीच्या गोमंतकीय समाजातील वॉलिस मथायस हे पाकिस्तानतर्फे २१ कसोटी सामने खेळले. मोंबासा येथे जन्मलेले सेराफिनो आंताव यांनी १९६२ साली पर्थ येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०० व २२० यार्ड या दोन्ही शर्यती जिंकून केनियास सुवर्णपदके मिळवून दिली. स्वतंत्र केनियाचे निशाण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच हाती होते. एकाच चिमुकल्या प्रदेशाची ही लेकरे तीन देशांसाठी खेळली, आणि त्यांतील एकासही आपल्या मूळ भूमीच्या नावाने खेळण्याचा प्रसंग आला नाही.

सरदेसाई यांची पुढील दहा वर्षे चढउतारांची गेली. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यास चेंडू लागून ते मरणाच्या दारी पोहोचले. त्यानंतर त्याच मैदानावर झालेल्या कसोटीत सलामीस जाण्याचे काम सरदेसाई यांनी केले व दुसऱ्या डावात ६० धावा काढल्या. मार्च १९६५ मध्ये मुंबईस न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव अवघ्या ८८ धावांत आटोपला व फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात सरदेसाई नाबाद २०० धावा करून उभे राहिले. मग न्यूझीलंडचीच अवस्था ८ बाद ८० अशी झाली आणि त्यांनी सामना कसाबसा अनिर्णित राखला. फिरकी गोलंदाजी खेळण्यात त्यांच्या तोडीचे फलंदाज त्या काळी थोडेच होते. परंतु क्षेत्ररक्षणात ते चपळ नव्हते. शिवाय १९६७-६८ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा त्यांना चांगला गेला नाही आणि संघातील त्यांचे स्थान डळमळीत झाले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी नवे कर्णधार अजित वाडेकर यांनी त्यांचा आग्रह धरला म्हणूनच ते गेले, अन्यथा त्यांची कारकीर्द तेथेच संपली असती.

फेब्रुवारी १९७१. जमैका बेटावरील किंग्स्टन. पावसामुळे पहिला दिवस वाया गेलेला. दुसऱ्या दिवशी भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले. सुनील गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे संघात नव्हतेच. सरदेसाई यांच्या जोडीस तरुण एकनाथ सोलकर आले. दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावांची भर घातली. पुढे प्रसन्नांबरोबर नवव्या गड्यासाठी आणखी १२२ धावा झाल्या. सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या. परदेशात भारतीयाने केलेले हे पहिले कसोटी द्विशतक होय. भारताच्या ३८७ धावांस वेस्ट इंडीजने २१७ धावांनी उत्तर दिले. आघाडी १७० धावांची होती. एरवी फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते, पण एक दिवस बुडाल्यामुळे १५० धावा पुरेशा होत्या. वाडेकर यांना हा नियम ठाऊक होता व त्यांनी सोबर्सच्या संघास पुन्हा फलंदाजीस पाठविले. वेस्ट इंडीजवर भारताने असा प्रसंग पूर्वी कधीही आणला नव्हता.

तो सामना वेस्ट इंडीजतर्फे वाचविला कोणी? रोहन कन्हाय यांनी, नाबाद १५८ धावा करून. कन्हाय हे गयानाचे. १८३८ पासून भारतातील गोरगरीब मजूर कराराने ऊस तोडावयास त्या देशात नेले गेले, त्यांच्याच वंशातील ते एक. एका बाजूस पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मलेला भारताचा फलंदाज, दुसऱ्या बाजूस भारतीय रक्ताचा वेस्ट इंडीजचा फलंदाज! आम्हांस या सामन्यातील धावसंख्येइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते.

दुसरा सामना त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. त्या बेटावरही १८४५ पासून भारतीय मजूर गेलेले, आणि त्यांची पणतवंडे प्रेक्षकांत मोठ्या संख्येने बसलेली. नोरीगा यांनी भारताचे ९ गडी बाद केले, तरी सरदेसाई ११२ धावा करून गेले. भारताने सात गडी राखून विजय मिळविला. १९४८ पासून खेळत असूनही वेस्ट इंडीजवर भारताने मिळविलेला हा पहिलाच विजय होता. बार्बाडोसच्या सामन्यात पुन्हा ६ बाद ७० अशी दैना झाली. पुन्हा सरदेसाई व सोलकर उभे राहिले व त्यांनी १८६ धावा जोडल्या. सरदेसाई १५० वर बाद झाले. मालिका भारताने १-० अशी जिंकली. गावसकर यांच्या ७७४ धावा सर्वांच्या तोंडी राहिल्या आणि ते योग्यही आहे. परंतु सरदेसाई यांच्या ६४२ धावांचा विसर पडावा, हे मात्र योग्य नाही. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी तर भारतीय क्रिकेटच्या नवजीवनाचे श्रेय त्यांनाच दिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हल येथे इंग्लंडवर ऐतिहासिक विजय मिळाला. चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीमुळे तो सामना प्रसिद्ध आहे. त्यातही सरदेसाई यांच्या ५४ व ४० धावा होत्या. डिसेंबर १९७२ मध्ये दिल्ली येथे ते अखेरचा कसोटी सामना खेळले. ३० सामने, २००१ धावा, ५ शतके, असा त्यांचा हिशेब आहे. मुंबईतर्फे ते रणजी करंडकाचे दहा अंतिम सामने खेळले आणि त्यांतील एकही हरले नाहीत.

२ जुलै २००७ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. भारत व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी मालिकेत उत्तम कामगिरी करणाऱ्या भारतीय खेळाडूस भारतीय क्रिकेट नियामक मंडळ त्यांच्या नावाने पारितोषिक देते. गोव्याच्या संघास रणजी करंडकात प्रवेश मिळाला तो १९८५-८६ च्या हंगामात. मडगावचे सरदेसाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते.