मंगळावरून थेट लाकडाच्या वखारीत

लाकडाच्या वखारीत कधी गेलात तर कापलेल्या सागाच्या ओंडक्याचं तोंड नीट बघा. एकात एक बसलेली वलयं दिसतील. एक वलय म्हणजे एक वर्ष, हे आपण शाळेत शिकलो, दोन मार्कांना लिहिलं आणि विसरलो. अँड्र्यू एलिकॉट डग्लस यांनी मात्र त्यावर आख्खं आयुष्य घातलं.

१८६७ मध्ये अमेरिकेत जन्मलेले डग्लस खरं तर खगोलशास्त्रज्ञ. पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत गृहस्थांना मंगळावर कालवे दिसत आणि ते तिथल्या हुशार जीवांनी खोदलेत, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या वेधशाळेसाठी १८९४ मध्ये ॲरिझोनात जागा शोधली ती डग्लस यांनीच. पण काही वर्षं दुर्बिणीला डोळा लावल्यावर त्यांना शंका यायला लागली. या रेषा मंगळावर आहेत की बघणाऱ्याच्या डोळ्यात? ही शंका त्यांनी लॉवेल यांच्या मेव्हण्याला पत्रातून कळवली. व्हायचं तेच झालं. १९०१ मध्ये नोकरी गेली.

मग फ्लॅगस्टाफ गावात कधी न्यायाधीशाचं काम, कधी स्पॅनिश शिकवणं. डोक्यात मात्र सूर्यच होता. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात, कमी होतात. त्याचा पावसावर परिणाम होत असेल तर त्याची नोंद कुठे मिळणार? ॲरिझोना कोरडा प्रदेश. पाऊस कमी पडला की पाइनचं त्या वर्षीचं वलय बारीक राहतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको!

१९०४ पासून डग्लस पाइनचे बुंधे मोजायला लागले. धारदार पात्यानं लाकूड तासायचं, वलयं उठून दिसावीत म्हणून रॉकेलचा हात फिरवायचा, मग भिंगाखाली बघायचं. बारीक आणि जाड वलयांचा तोच क्रम दूरदूरच्या झाडांत सापडला. बारकोडच म्हणा ना. जिवंत झाडाचा बारकोड जुन्या तुळईशी जुळवला की काळात मागे मागे जाता येतं.

अडचण एकच होती. पुएब्लो लोकांच्या पडक्या वस्त्यांतल्या तुळयांची ५८५ वर्षांची एक साखळी तयार होती, पण ती आजच्या झाडांना जोडता येत नव्हती. २२ जून १९२९ रोजी शो लो गावात अर्धवट जळालेली तुळई मिळाली, क्रमांक एचएच-३९. कोळसा हाताला लागताच भुगा होतो, म्हणून असे तुकडे दोऱ्यानं बांधून पॅराफिनच्या द्रावणात भिजवले जात. त्या रात्री डग्लस यांनी वलयं जुळवली आणि दोन साखळ्या एक झाल्या. जिथं एकही लेखी तारीख नव्हती, त्या वस्त्यांना साल मिळालं.

आज हेच पॅराफिन संशोधकाला घाम फोडेल. आता वलयं नुसती मोजत नाहीत, तर त्यांतल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं, कार्बनचं प्रमाणही मोजतात. त्यासाठी एकेक वलय पात्यानं सुटं करायचं. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडात राळ एका वलयातून दुसऱ्यात झिरपते, म्हणून आधी ती द्रावकात धुऊन काढायची. मग सोडियम क्लोराइटनं लिग्निन, सोडियम हायड्रॉक्साइडनं उरलंसुरलं. शेवटी हातात येतं चिमूटभर पांढरं सेल्युलोज. पॅराफिन म्हणजे खनिज तेलातला कार्बन. तो राहिला तर कार्बनचा आकडा चुकलाच. डोळ्यासाठी वाचवलेला नमुना रसायनासाठी बिघडलेला असू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मध्य भारत आणि केरळच्या सागाची वलयं वाचून जुन्या पावसाचा अंदाज घेतला गेलाय. पर्जन्यमापक यायच्या आधीचे दुष्काळ शोधायचे तर दुसरे साक्षीदार तरी कुठे आहेत?

डग्लस यांनी १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली. ती कित्येक दशकं चक्क फुटबॉल स्टेडियमच्या खाली होती. ११ वर्षांचं चक्र ते शेवटपर्यंत वलयांत शोधत राहिले. त्यांना ते दिसत होतं, इतरांना मात्र खात्रीनं कधीच दिसलं नाही. लॉवेल यांच्या कालव्यांवर शंका घेणाऱ्या माणसाचीच ही गोष्ट! २० मार्च १९६२ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं ९४.