राणीसाहेबांचा पोशाख

आपल्या मंडळाच्या वाढदिवसाला मुलींच्या वेषभूषा ठेवल्या की त्यांत झाशीची राणी असायचीच. जरीची नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात पुठ्ठ्याची तलवार आणि पाठीला बांधलेली बाहुली, एवढे केले की राणी तयार! यंदा माझ्या धाकटीने राणी व्हायचे ठरवले, तेव्हा भाड्याचा पोशाख न आणता आपणच घरी शिवावा असे माझ्या मनाने घेतले. परकर, झबली आणि उशांचे अभ्रे यांपलीकडे मी काही बेतले नव्हते. म्हणून राणीसाहेब खरोखर काय वापरीत हे आधी वाचावे, मग कापडाला कात्री लावावी, असा विचार केला.

वाचनालयातून वरसईच्या विष्णुभट गोडशांचे माझा प्रवास हे पुस्तक आणले. हे भटजी 1857 साली यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे गेले आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण स्वयंपाक आवरला की मी पुस्तक घेऊन बसे. आणखीही एकदोन पुस्तके वाचली. त्यांतून जे कळले ते भगिनींना सांगते.

राणीसाहेबांचे माहेरचे नाव मनकर्णिका. जन्म काशीचा. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. आई लवकर गेली आणि मोरोपंत मुलीला घेऊन ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला राहिले. तिथे ही आईविना पोर पुरुषमंडळींतच वाढली. लिहिणे-वाचणे, घोड्यावर बसणे, तलवार धरणे, सारे तिथेच शिकली. 1842 साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या लक्ष्मीबाई झाल्या. नेवाळकर मूळचे आपल्या रत्नागिरीकडचे. गंगाधररावांना नाटकांचा भारी शौक होता.

1851 मध्ये मुलगा झाला, पण काही महिन्यांतच तो गेला. पुढे 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव अंथरुणाला खिळले. त्यांनी नात्यातला एक मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले आणि 21 नोव्हेंबरला देह ठेवला.

आपण मुलींना नटवतो तो साज या दिवसापर्यंतचा. तोवर राणीसाहेब रणात उतरल्याच नव्हत्या. ज्या पराक्रमासाठी आपण त्यांना ओळखतो तो सगळा यानंतरचा आहे, म्हणजे एका विधवेचा आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही; पण कापड समोर घेऊन बसेपर्यंत ते कधी मनात ठसले नव्हते.

1854 मध्ये लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि झाशी खालसा केली. राणीसाहेबांना वर्षाला 60,000 रुपये तनखा ठरला. त्यांनी अर्ज-विनंत्यांची शिकस्त केली. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून घेतले. त्याला त्या पडद्याआडून ओझरत्या दिसल्या. अंगावर साधे पांढरे वस्त्र आणि दागिना म्हणाल तर कानांत तेवढे सोने, असे त्याने लिहून ठेवले आहे. विलायतेपर्यंत दाद मागूनही काही झाले नाही.

जून 1857 मध्ये झाशीत शिपाई उठले आणि राज्याचा भार पुन्हा राणीसाहेबांवर आला. भटजींनी पाहिल्या त्या या काळात. स्त्रीवेषात असत तेव्हा पांढरे वस्त्र, केसांचा साधा बुचडा, गळ्यात मोती, हातांत बांगड्या; पण पतीमागे नथ नाही. दरबारात पुष्कळदा पुरुषी वेष असे: पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी व त्यावर फेटा, कमरेच्या शेल्यात तलवार.

हाच वेष मी बेतला. माझ्या एका जुन्या साडीचा कळ्यांचा अंगरखा केला, पुढे बंद लावले. पायजम्याला आसनात चौकोनी मियानी घातली. नऊवारीचा काष्टा जे काम करतो तेच ही मियानी करते, पाय मोकळा टाकता येतो. ह्यांच्या उपरण्याचा फेटा झाला. बंद आणि गोट आमच्या वन्संनी हाताने घातले. त्यांचा हात माझ्याहून सुबक आहे. त्या सत्ताविसाव्या वर्षी एकट्या पडल्या. तेव्हापासून घरात हळदीकुंकू असले की त्या आपणहून आतल्या खोलीत जातात. नथ नाही आणि चंद्रकोर नाही हे पाहून शेजारच्या एकदोघींनी अपशकुन म्हणून नाके मुरडली. मी पोशाख तसाच ठेवला.

मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तटाची डागडुजी आणि दारूगोळ्याची ने-आण यांत शहरच्या बायका खपत होत्या, हे शत्रूनेही नोंदले आहे. तात्या टोपे मदतीला आले, पण बेतवाकाठी त्यांचा मोड झाला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले तेव्हा राणीसाहेब रात्री किल्ल्याबाहेर पडल्या आणि सुमारे शंभर मैलांवरच्या काल्पीला पोहोचल्या.

काल्पीच्याच वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना त्या पुन्हा भेटल्या. पठाणी वेष, अंगभर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी शेंदू लागले, तर त्यांनी नको म्हणून स्वतः शेंदले आणि ओंजळीने प्यायल्या. विधवेच्या पोटाला लागते किती! त्या स्वस्थ बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. त्याच अर्थाचे काही त्या भटजींजवळ बोलल्याही.

मेमध्ये काल्पी गेली, जूनच्या आरंभी ग्वाल्हेर हाती आले. 17 जून 1858 रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई इथे त्या स्वाराच्या वेषात लढताना पडल्या. काही जण 18 जून मानतात.

भगिनींनो, या बाईंची तसबीर आपल्या मंडळाच्या भिंतीवर आहे. तिला आपण हार घालतो, कुंकू लावतो. आज त्या स्वतः दारात आल्या, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण त्यांना पाटावर बसवू की आतल्या खोलीत पाठवू? 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव करू शकते, ते एका मंडळाला जड नाही. येत्या संक्रांतीचे वाण घरातल्या प्रत्येक बाईच्या हाती द्यावे आणि निमंत्रणपत्रिकेतला सुवासिनी हा शब्द काढून तिथे सर्व भगिनी असे छापावे, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने ती पुढच्या सभेत मांडावी ही विनंती.